जुन्या पंख्यापासून मॅग्नेटिक स्टरर कसा बनवतात? विहिरीचे पाणी तपासायला तो कसा उपयोगी पडतो?

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या मंदिरासाठी आणि बामणघळीसाठी ओळखले जाते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी खडकातील या अरुंद घळीत शिरते आणि उंच उसळते. समुद्राचा हा शिरकाव डोळ्यांना दिसतो. किनारपट्टीवर न दिसणारा शिरकावही होऊ शकतो, तो जमिनीखालून. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी खाली जाते, उपसा वाढतो आणि किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ लागू लागते. ते किती खारट झाले, हे शाळेच्या प्रयोगशाळेतही मोजता येते. या कामात मदत करणारा मॅग्नेटिक स्टरर जुन्या संगणकाच्या पंख्यापासून बनवता येतो.

पाण्यात काय मोजायचे?

खारटपणासाठी पाण्यातील क्लोराइड मोजतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असते. त्यामुळे विहिरीत दोन टक्के समुद्राचे पाणी मिसळले, तरी क्लोराइड लिटरमागे सुमारे 380 मिलीग्रॅमने वाढते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस 10500) स्वीकारार्ह मर्यादा 250 मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 1,000 मिलीग्रॅमपर्यंत मुभा आहे.

चाचणीत पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकतात आणि वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. क्लोराइड संपेपर्यंत पांढरा साका बनतो. ते संपले की विटकरी छटा येते. अडचण अशी, की थेंब पडतो तिथे ही छटा आधीच चमकून जाते आणि ढवळल्यावर नाहीशी होते. ढवळणे कमी पडले तर चाचणी संपली असे आधीच वाटते किंवा गडबडीत जास्त द्रावण पडते. 50 मिलीलीटर नमुना आणि 0.0141 नॉर्मल द्रावण घेतले, तर एका मिलीलीटरची चूक म्हणजे लिटरमागे 10 मिलीग्रॅमची चूक. एक हात ब्युरेटच्या तोटीवर असताना दुसऱ्याने सतत फ्लास्क फिरवत राहणे सोपे नसते. ते काम स्टरर करतो.

स्टरर कसा चालतो?

तबकडीखाली मोटर चुंबक फिरवते. वर, भांड्यातील द्रवात चुंबकाची छोटी कांडी असते. खालचा चुंबक फिरला की कांडीही त्याच्यामागे फिरते. अशा यंत्राचे अमेरिकी पेटंट 1944 मध्ये आर्थर रोझिंगर यांना मिळाले. त्याची मूळ रचना आजही तशीच आहे.

घरी कसा जोडायचा?

12 व्होल्टचा संगणकाचा पंखा, जुन्या राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर, दोन चुंबक आणि एक खोके एवढे साहित्य पुरते. पंख्याच्या मधल्या भागावर दोन चुंबक केंद्रापासून समान अंतरावर एपॉक्सीने चिकटवतात. एकाचा उत्तर ध्रुव वर, तर दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर हवा. दोघांमधील अंतर साधारण कांडीच्या लांबीएवढे ठेवतात. जुन्या हार्ड डिस्कमधील चुंबकाच्या एकाच बाजूला दोन्ही ध्रुव असतात, त्यामुळे तो एकटाही चालतो. मात्र हे चुंबक फार जोरदार असतात, बोट चिमटू शकते.

वरची तबकडी अॅक्रिलिक, काच किंवा पातळ प्लायवूडची असावी. लोखंडी पत्रा चुंबकाचे क्षेत्र अडवतो. जाड अॅल्युमिनियममध्ये फिरत्या चुंबकामुळे विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि ब्रेक लागतो. चुंबक तबकडीच्या जितका जवळ, पण न घासता, फिरेल तितकी पकड घट्ट.

वेग कमी करणे अवघड का?

पंखा मिनिटाला हजार-दीड हजार फेरे सहज घेतो. या चाचणीला मात्र काही शे फेरे पुरतात. मालिकेत साधा पोटेन्शियोमीटर जोडला तर तो तापून जळू शकतो, कारण पंख्याचा प्रवाह त्याला झेपत नाही. व्होल्टेज खूप खाली आणले तर पंखा सुरूच होत नाही.

यासाठी पीडब्ल्यूएम पद्धत वापरतात. यात व्होल्टेज कमी न करता वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते. चालू असण्याचा काळ जेवढा कमी, तेवढा वेग कमी. प्रत्येक वेळी पूर्ण 12 व्होल्ट मिळत असल्याने साधी डीसी मोटर हळू फिरतानाही जोर टिकवते. चार वायरींच्या पंख्यात चौथी वायर याच संकेतासाठी असते आणि त्याला सुमारे 25 किलोहर्ट्झचा संकेत लागतो. दोन किंवा तीन वायरींच्या पंख्याला एलएम317 सारखा व्होल्टेज नियंत्रक बरा पडतो. आधी वेग वाढवून पंखा सुरू करायचा, मग हळूहळू कमी करायचा.

कांडी उड्या का मारते?

कांडी चुंबकाच्या किंचित मागे राहून फिरते. वेग एकदम वाढवला किंवा द्रव घट्ट असला की ती मागे पडते, पकड सुटते आणि ती जागच्या जागी थडथडते. अशा वेळी मोटर थांबवून पुन्हा शून्यापासून वेग हळू वाढवायचा. भांड्याचा तळ सपाट हवा. पाण्यात खोल भोवरा दिसला तर वेग जास्त आहे.

उघडा खिळा का चालत नाही?

कांडीऐवजी लोखंडी खिळ्याचा तुकडा टाकायचा मोह होतो. पण लोखंड सिल्व्हर नायट्रेटमधील चांदी बाहेर काढून स्वतःवर बसवते. मग द्रावण जास्त लागते आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट ठरते. म्हणून टेफ्लॉनचे आवरण असलेली कांडी घ्यावी किंवा तुकडा प्लॅस्टिकच्या नळीत घालून दोन्ही टोके तापवून पूर्ण बंद करावीत.

क्रोमेट विषारी आहे आणि सिल्व्हर नायट्रेटचे त्वचेवर काळे डाग पडतात. त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि शिक्षकांची देखरेख आवश्यक आहे. उरलेले द्रावण मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये, वेगळ्या बाटलीत साठवावे.

एकाच विहिरीचे पाणी दर महिन्याला, त्याच पद्धतीने तपासले तर क्लोराइड कोणत्या महिन्यात वाढते आणि पावसानंतर किती उतरते, हे वहीत दिसू लागते. जिभेला मचूळपणा जाणवण्याआधीच उपसा कमी करायचा की पिण्यासाठी दुसरी विहीर पाहायची, हे त्या आकड्यांवरून ठरवता येते.