कांदा कोणाच्या अंमलाखालीं?

‘सरकार’ हा शब्द आपण शेतकरी नेहमीं एकवचनीं वापरतों. गारपिटीचा पंचनामा करणारा तलाठी सरकार, पाटाचें पाणी सोडणारा कालवा-निरीक्षक सरकार, आणि कांद्याची निर्यात एका हुकुमानें थांबविणारें दिल्लीचें खातेंही सरकारच. ही समजूत निरुपद्रवी नाहीं. चुकीच्या दारीं दिलेला अर्ज हंगाम संपेपर्यंत तेथेंच पडून राहतो, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल.

आपला देश संघराज्य आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचींत कामांच्या तीन याद्या आहेत : कांहीं कामें केंद्राचीं, कांहीं राज्यांचीं व कांहीं दोघांचीं सामायिक. शेती, जमीन, पाटबंधारे, बाजार व जमीनमहसूल हे विषय राज्यांकडे. परदेशी व्यापार व बँका केंद्राकडे. ही वांटणी अगदींच नवी नव्हे. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें शेतकी खातें प्रांतिक मंत्र्यांकडे दिलें, पण जमीनमहसूल गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवला. म्हणजे सल्ला देणारा एक आणि सारा घेणारा दुसरा! तीन याद्यांची रचना १९३५ च्या कायद्यांत आली व पुढें घटनेनें तीच चालविली.

कागदावर या याद्या स्पष्ट दिसतात. पीक मात्र एकाच यादींत राहत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कांदाच घ्या. सातबाऱ्यावरील नोंद, पाण्याची पाळी, लासलगांवच्या आवारांतील लिलाव, येथपर्यंत राज्याचा अंमल. बाजारसमित्या राज्याच्या १९६३ च्या कायद्यानें चालतात. तोच कांदा बंदराकडे निघाला कीं धनी बदलला. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्रानें निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्यें बंदी उठली, पण शुल्क लागू झालें व टनास ५५० डॉलर ही किमान किंमत ठरली. सप्टेंबरांत किमान किंमत रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आलें. तें १ एप्रिल २०२५ पासून गेलें. या सर्व काळांत बाजारसमितीच्या दारांत कितीही कांदा ओतला असता तरी बंदी उठविण्याचा अधिकार त्या समितीस नव्हता, मुंबईच्या मंत्र्यांसही नव्हता. शेतकऱ्याचें गाऱ्हाणें मुंबईस लवकर ऐकूं जातें, पण बंदराची किल्ली तेथें नाहीं, हेंच यांतलें दुखणें.

म्हणून किल्ली राज्यांकडे द्यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रत्येक राज्य आपापल्या सरहद्दीवर नाकें घालूं लागलें तर आपलाच माल अडेल. कृष्णेच्या पाण्याचा तंटाही केंद्रानें नेमलेल्या लवादानेंच मिटवावा लागला. त्याच्या १९७६ च्या अंतिम निवाड्यानें महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी आलें. तें कोणत्या कालव्यास व केव्हां सोडावें हें मात्र राज्य ठरवितें.

खरी ओढाताण सामायिक यादींत आहे. १९५४ च्या घटनादुरुस्तीनें अन्नधान्य, वैरण व कच्चा कापूस यांचा व्यापार त्या यादींत व्यापकपणें घेतला. त्याच आधारावर केंद्रानें २०२० मध्यें शेतमालाच्या विक्रीचा कायदा केला. बाजार हा आमचा विषय, असें कांहीं राज्यांनीं बजावलें. जानेवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंमलबजावणी थांबविली व त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेनें हा व त्याच्या बरोबरीचे दोन कायदे रद्द केले. अधिकार कोणाचा, या मूळ प्रश्नाचा निकाल त्यामुळें राहूनच गेला.

तेव्हां ठराव करण्यापूर्वीं यादी पाहावी. निर्यातबंदीविषयीं लिहावयाचें तर केंद्राच्या वाणिज्य खात्याकडे, शुल्काविषयीं केंद्राच्या अर्थखात्याकडे, आणि दोन्हींची प्रत खासदारास द्यावी. मापाची किंवा पट्टीचे पैसे अडल्याची तक्रार बाजारसमितीकडे करावी. तेथें दाद न लागल्यास जिल्हा उपनिबंधकाकडे जावें, व अर्जाची पोंच घेतल्यावांचून परतूं नये.