विसाव्या आठवड्याच्या पुढे

जुहू तारा रोडवरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संकुलात विधी विद्यालय आणि स्त्रीअभ्यास संशोधन केंद्र एकाच आवारात आहेत. वैद्यकीय नीतीला कायदा कसा वळण देतो, हे शिकायला ही जागा फार योग्य आहे. १९१६ मध्ये हे विद्यापीठ उभारणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांच्या मुलाने, रघुनाथरावांनी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरावरून अश्लीलतेचे खटलेही झाले; १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तरी निकाल विरोधातच गेला.

गर्भपात तेव्हा दंड संहितेच्या कलम ३१२ खाली गुन्हा होता. वाट मोकळी झाली ती महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीमुळे आणि तिच्या शिफारशींवर आलेल्या १९७१ च्या कायद्यामुळे. त्याचे मोठेपण मी मानते. पण कलमे नीट वाचली की खटकते: संमती बाईची लागे, निर्णय मात्र डॉक्टरच्या मतावर ठरे. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, विसापर्यंत दोघांचे, त्यापुढे बाईचा जीव वाचवण्याखेरीज दार बंद.

मग सोनोग्राफी आली. गर्भाच्या हृदयातले, मेंदूतले दोष बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यात दिसतात, काही त्याहून उशिरा. निदान कळेपर्यंत मुदत सरलेली असे. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आढळलेले एक जोडपे डॉ. निखिल दातारांसह मुंबई उच्च न्यायालयात गेले. परवानगी नाकारली गेली; काही दिवसांतच गर्भ आपोआप पडला. दातारांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१६ पासून मुदतीनंतरच्या परवानगीसाठी एकेक बाई कोर्टात जाऊ लागली. सुनावणीची तारीख पुढे ढकलली तरी पोट वाढतच असते. या प्रक्रियेतले हे क्रौर्य मला कधीच पचले नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली. गर्भात गंभीर दोष असेल तर मर्यादाच काढली, पण निर्णय वैद्यकीय मंडळाकडे दिला. जानेवारी २०२३ मध्ये अशा एका मंडळाने दोष मान्य करूनही दिवस फार भरलेत म्हणून नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांनी तो बाजूला सारला: निवडीचा हक्क मंडळाचा नाही, त्या स्त्रीचा आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन मुलांच्या एका विवाहित आईने सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की, मनाने आणि पैशाने तिसरे मूल पेलणे आपल्याला शक्य नाही. गर्भ निरोगी होता, कायद्याच्या अपवादांत ती बसत नव्हती. तिला अखेर परवानगी मिळाली नाही.