सगळ्यात वर आले, म्हणून खरे का?

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. गोंड समाजाचे भाविक अनेक राज्यांतून गुहेच्या दर्शनाला येतात. दरेकसा स्टेशनवर उतरलेला नवखा माणूस काय करतो? परतणाऱ्या चार जणांना वाट विचारतो. चौघांनी एकच वाट दाखविली, की निर्धास्तपणे चालू लागतो.

मोबाईलवर आपण गूगलला विचारतो, तेव्हा तेही काहीसे असेच करते. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी ही युक्ती मांडली. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला, की ती त्याच्या बाजूची एक साक्ष धरायची. साक्षीदार वजनदार, तर साक्षही वजनदार.

पुढे आणखी गोष्टींची भर पडली. आपण विचारलेले शब्द मथळ्यात व मजकुरात आहेत का? माहिती ताजी आहे का? पान मोबाईलवर झटपट उघडते का? आपण कोणत्या गावाहून विचारतो, तेही पाहिले जाते. या सर्वांचा हिशेब होऊन वर कोण, खाली कोण, हे ठरते.

पण धानाच्या बांधीत तण यावे, तसे येथेही झाले. लोक पैसे देऊन खोट्या साक्षी जमवू लागले. २०१२ साली गूगलने 'पेंग्विन' नावाची सुधारणा करून त्यांना चाप लावला. तरी निंदण केले म्हणून तण कायमचे जात नाही. शिवाय अगदी वर बऱ्याचदा जाहिराती असतात. ती जागा पैसे मोजून मिळते.

एकदा एक शेतकरी मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. सौर पंपाच्या नोंदणीसाठी पैसे मागितले होते. म्हणाले, "साहेब, सगळ्यात वर आलंय, म्हणजे सरकारीच असेल ना?" ते सरकारी नव्हते. पैसे भरण्याआधी विचारले, म्हणून वाचले. २०१९ साली पीएम-कुसुम योजना आली, तेव्हापासून अशा बनावट संकेतस्थळांविषयी केंद्र सरकारला वारंवार इशारे द्यावे लागले आहेत.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नावाजवळ 'प्रायोजित' लिहिले असेल तर ती जाहिरात समजावी. दुसरी, पत्ता नीट वाचावा. सरकारी संकेतस्थळाचे नाव बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असे संपते. ही अक्षरे नुसती मध्येच कुठे असली तर फसू नये. तिसरी, पैसे भरण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात विचारावे. फसवणूक झालीच, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

बियाण्याची पिशवी दुकानात पुढे मांडली आहे म्हणून आपण घेत नाही, लेबल वाचतो. मोबाईलवरही तसेच करावे.