पहिली मैफल

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तेवढ्या अवकाशात भल्याभल्या गवयांना राग मांडावा लागे, बंदिश म्हणावी लागे, दोन-चार ताना घ्याव्या लागत आणि थांबावे लागे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या घरांत ग्रामोफोन होता, त्या घरांतील मुलांना शास्त्रीय गाण्याचा परिचय झाला तो असा तुकड्यातुकड्यांनी. शनिवारी रात्री आकाशवाणीवरून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. परंतु दुकानाची शिल्लक मोजून, खतावणी बंद करून वडील घरी येईपर्यंत बहुधा रेडिओ लावण्याची मुभा नसे. गाणे सलग तास-दीड तास चालते, ते हळूहळू उलगडते, हे त्या पिढीला प्रथम कळले ते प्रत्यक्ष मैफलीत. म्हणूनच आज सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना अलीकडचे कार्यक्रम चटकन आठवत नाहीत, पण पहिली मैफल मात्र तपशिलासह आठवते.

व्यापारी कुटुंबांत या पहिल्या मैफलीला एक वेगळीच किंमत मोजावी लागे. मैफल म्हणजे जागरण, आणि जागरण म्हणजे दुसऱ्या दिवशी गादीवर पेंगणारा मुलगा. तिकिटाच्या पैशांपेक्षा वडिलांची परवानगी दुर्मीळ असे. ती मिळाली तरी अटींसह मिळे.

सांगलीतील हळदीच्या एका अडत व्यापाऱ्याच्या मुलाला ही परवानगी मिळाली ती पेढीवरील दिवाणजींमुळे. दिवाणजी गाण्याचे दर्दी होते. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणे-बजावणे होते, तेथे ते नेमाने जात. किराणा घराण्याच्या या थोर गायकाचे वास्तव्य अनेक वर्षे मिरजेत होते. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची समाधीही त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. पुढे अनेक नामवंत कलावंत तेथे सेवा म्हणून गाऊन-वाजवून गेले. ऐकणाऱ्याला तिकीट नाही. जो येईल त्याने जागा मिळेल तेथे बसावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. तंतुवाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध असलेल्या त्या गावात तंबोरे बनविणारे कारागीरही श्रोत्यांत असत. वाद्य नीट जुळले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजे.

चौदा वर्षांचा तो मुलगा दिवाणजींच्या शेजारी बसला आणि तासाभरात झोपी गेला. पहाटे त्याला जाग आली तेव्हा अंगावर दिवाणजींचे उपरणे होते आणि समोर कोणीतरी संथपणे गात होते. गायक कोण, राग कोणता, हे त्याला आजही सांगता येत नाही. शेजारी दिवाणजींची बोटे गुडघ्यावर मात्रा मोजत होती, एवढे मात्र त्याला स्पष्ट आठवते. दिवसभर मण आणि शेर मोजणाऱ्या त्या बोटांना आणखी काही मोजता येते, याचे त्याला आश्चर्य वाटले. त्यानंतर पेढीवर दिवाणजींशी बोलताना त्याचा स्वर बदलला, असे तो सांगतो. आज शहात्तराव्या वर्षीही पेढीवरील जुन्या नोकरमाणसांना तो ‘अहो-जाहो’ करतो, त्याचे मूळ त्या पहाटेत आहे.

मिरजेची परंपरा पुण्यात पोहोचली ती खाँसाहेबांच्या शिष्यामुळे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली पुण्यात निवर्तले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ पासून गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त संगीतोत्सव सुरू झाला. लहान प्रमाणावर सुरू झालेल्या या उत्सवाचा पुढे मोठा महोत्सव झाला. मोकळ्या पटांगणावर डिसेंबरच्या थंडीत हजारो माणसे शाल-घोंगडी घेऊन भारतीय बैठकीवर रात्र काढू लागली.

लक्ष्मी रस्त्यावरील एका कापड दुकानदाराचा थोरला मुलगा १९७२ साली प्रथम तेथे गेला. वडिलांची अट एकच होती: सकाळी साडेनऊला दुकानाची फळी त्यानेच उघडायची. घरचा नियम रात्री काही न घेण्याचा असल्याने, शेजारी थर्मासमधून चहाचे पेले भरले जात असताना तो थंडीत तसाच बसून राहिला. पहिल्या रात्री त्याने घड्याळच अधिक पाहिले. एवढा वेळ त्याच त्या चार शब्दांत गवई काय शोधत आहे, हे त्याला उमजेना. दुसऱ्या रात्री दोन तंबोरे जुळवले जात असताना एका क्षणी सगळ्या तारा एकजीव झाल्या आणि सगळे पटांगण आपोआप निःशब्द झाले. गाणे अद्याप सुरूही झाले नव्हते. त्या शांततेनेच आपल्याला धरून ठेवले, असे तो म्हणतो.

या मुलाला तबला शिकायचा होता. वर्षभर शिकवणीही झाली होती. परंतु वडिलांच्या आजारपणामुळे एकोणिसाव्या वर्षी दुकान त्याच्यावर आले आणि शिकवणी सुटली. त्याची सर्वांत आवडती मैफल त्यानंतरची आहे. एका परिचिताच्या घरी, चाळीसेक माणसांसमोर डॉ. वसंतराव देशपांडे गायले. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आल्यापासून खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. परंतु हाच कलावंत कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होता, दिवसा आकड्यांत आणि रात्री सुरांत राहत होता, ही गोष्ट त्या तरुण दुकानदाराला त्या रात्री शेजारच्या वडीलधाऱ्या श्रोत्याकडून कळली. त्यामुळे त्याचे दुःख संपले नाही. तबला पुन्हा हाती आलाच नाही. पण हिशेबाची वही आणि गाणे एका आयुष्यात नांदू शकतात, एवढा दिलासा त्याला मिळाला. पुढील चाळीस वर्षे त्याने एकही डिसेंबर चुकविला नाही. दुकानाचा वार्षिक माल भरतानासुद्धा महोत्सवाच्या तारखा आधी पाहिल्या जात.

त्याच काळात त्याच परिसरात मैफल ऐकणारा आणखी एक वर्ग होता, ज्याची नोंद कोणत्याही तिकीटविक्रीत नाही. घरच्या सुनांना रात्रभर बाहेर राहण्याची मोकळीक नव्हती. पटांगणाच्या आसपासच्या वाड्यांमध्ये ध्वनिक्षेपकावरून गाणे मात्र येत असे. अशाच एका वाड्यात लग्न होऊन आलेली किराणा व्यापाऱ्याची सून तान्ह्या मुलाला घेऊन गॅलरीत उभी राहून ऐके. एका रात्री तिने एक भरदार, खर्जातला आवाज ऐकला आणि तो पुरुषाचाच आहे असे तिने धरून चालले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून कळले की त्या गंगूबाई हनगल होत्या. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकलेल्या गंगूबाईंचा आवाज घशावरील उपचारानंतर जड झाला होता. त्याच आवाजाला त्यांनी आपले सामर्थ्य बनविले. ही हकीकत तिला पुढे एका लेखातून समजली. प्रत्यक्ष पटांगणात बसून गंगूबाईंना ऐकण्याचा योग तिला आला तेव्हा गॅलरीत मांडीवर असलेला मुलगा वीस वर्षांचा झाला होता आणि तोच तिला घेऊन गेला होता. तिची पहिली मैफल कोणती म्हणावी, गॅलरीतली की पटांगणातली, यावर त्या घरात अजून गमतीने वाद होतो. ती स्वतः गॅलरीतलीच मोजते.

अशा रात्री आता उरलेल्या नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही; वर्षातील काही मोजक्याच दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांचा विचार करता हा नियम रास्तच आहे. मात्र त्याचा परिणाम रागांवर झाला. आपल्या संगीतात रागांना प्रहरांचे बंधन आहे. मुलतानी, भीमपलास हे दुपार कलल्यानंतरचे; पूरिया धनाश्री, मारवा हे संधिकालाचे; मालकंस, दरबारी कानडा हे उत्तररात्रीकडे झुकणारे; ललत, भटियार पहाटेचे. मैफली दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपू लागल्या, तेव्हा सायंकाळचे राग विपुल ऐकू येऊ लागले आणि रात्र उतरणीला लागल्यावरचा दरबारी किंवा उजाडतानाचा ललत आपापल्या वेळी ऐकण्याचे भाग्य दुर्मीळ झाले. काही संस्था पहाटेच्या मैफली बंदिस्त सभागृहांत भरवितात, ही समाधानाची गोष्ट आहे.

आज कोणतेही गाणे हातातील भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते. ज्येष्ठांना एके काळी स्वप्नवत वाटणारी ही सोय आहे आणि तिची कुरकूर करण्याचे कारण नाही. परंतु यंत्रावर कंटाळा आला की बोट पुढे सरकते. मैफलीत उठून जाणे प्रशस्त दिसत नाही. त्यामुळे कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे, ते पाहण्याची संधी मिळते. गिऱ्हाईक समोर असताना त्याचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबणे ही व्यापाराची पहिली शिकवण मानली जाते. रात्रभर बसून ऐकलेल्या त्या पिढीला हीच सवय गाण्याने लावली. मधेच न तोडता ऐकून घेणे त्यांना दुकानात, घरात आणि पुढे सुनांशी-जावयांशी वागतानाही उपयोगी पडले.

नातवंडांना पहिली मैफल द्यायची असेल तर ज्येष्ठांच्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सांगता येतात. मुलाला शक्यतो पुढे बसवावे, म्हणजे गवयाचा चेहरा आणि तबलजीची बोटे दिसतात. रागाचे नाव, घराणे, ताल यांचे व्याख्यान तेथे देऊ नये. झोप आली तर झोपू द्यावे. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचे म्हणाले तर दोन गाण्यांच्या मधल्या वेळात शांतपणे उठावे. मोठ्या महोत्सवाऐवजी गावातील लहान बैठक निवडली तर अधिक चांगले, कारण तेथे ध्वनिक्षेपकाविनाही सूर पोहोचतो. आणि सोबत जाणाऱ्याने स्वतः मनापासून ऐकावे. मूल गवयाइतकेच शेजारच्या माणसाला पाहत असते.

पुण्याच्या महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण ऐकवून करण्याची प्रथा आहे. १९५२ साली गेलेल्या गायकाचा आवाज, तीन-साडेतीन मिनिटांचा, तबकडीच्या खरखरीसह. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर यांच्यासारखे शिष्य आणि भीमसेनजी स्वतः आज हयात नाहीत. तरीही मंचावर कोणी नसताना हजारो माणसे आपापल्या जागी थांबतात आणि ते मुद्रण संपेपर्यंत कोणी चपला शोधायला उठत नाही.