गुलबर्ग्याचे चित्रकार एस. एम. पंडित

आमच्या भालकी परिसरातील जुन्या घरांत देव्हाऱ्याजवळ अजूनही एखादे पिवळे पडलेले चित्र काचेत जपलेले आढळते. कृष्णाच्या अंगावरील निळसर झळाळी, भीमाचे पीळदार दंड, मागे ढगांआडून फुटलेला प्रकाश. अशी चित्रे घराघरांत पोहोचविणाऱ्यांपैकी एक थोर चित्रकार आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याचे, आजच्या कलबुर्गीचे होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

संबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म १९१६ साली, निजामाच्या राज्यात, धातुकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. पोराचा हात ओळखला तो गुलबर्ग्यातील कलाशिक्षक शंकरराव आळंदकर यांनी. ते स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. पुढे पंडित मुंबईस गेले. तेथे दंडावतीमठ या कानडी गुरूंचे नूतन कलामंदिर म्हणजे परमुलखातून आलेल्या होतकरू मुलांचा आधारच होता, के. के. हेब्बर यांनीही तेथेच धडे घेतले. त्यानंतर जे. जे. आणि कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन. सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून रेखाटनाचा अभ्यास त्या संस्थेत रुजविला होता. आम्ही डॉक्टर मंडळी स्नायूंची नावे शवविच्छेदनाच्या टेबलाशी पाठ करतो. श्वास घेणाऱ्या देहात तेच स्नायू कसे ताणले जातात, हे मात्र पंडितांची चित्रे पाहताना मला नव्याने उमगले.

पोटासाठी त्यांनी जाहिरातीची वाट धरली. रतन बत्रा यांच्या संस्थेत असताना हॉलिवूडच्या चित्रपटांची शोकार्डे रंगविली, बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठे केली, राज कपूरच्या ‘बरसात’ (१९४९) या चित्रपटाचे पोस्टर केले. मूळचे गोव्याचे रघुवीर मुळगावकर यांनाही पंडितांचे मार्गदर्शन लाभले, आणि त्या मुळगावकरांनी पुढे मराठी दिवाळी अंकांना जे रूप दिले ते आपण सारे जाणतोच. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. नव्या दृष्टीच्या समीक्षकांना देवादिकांची ही चित्रे बाजारू वाटू लागली. ‘कॅलेंडर आर्टिस्ट’ ही जवळजवळ शिवीच झाली. मला हा न्याय पटत नाही. ज्या घरात पुस्तक नव्हते, त्या घरात हे चित्र होते.

उत्तरायुष्यात पंडित मुंबई सोडून गुलबर्ग्यास परतले आणि पौराणिक विषयांवरील मोठी तैलचित्रे रंगवीत राहिले. १९९३ साली त्यांचे निधन झाले. शहरातील रंगमंदिरास त्यांचे नाव आहे. त्या नावामागील ‘डॉ.’ गुलबर्गा विद्यापीठाच्या मानद पदवीचे. आमच्यासारखे औषधांचे नव्हे!

हे सारे आज लिहिण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी तापाने फणफणलेला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा माझ्या दवाखान्यात आला होता. सलाईन चालू असताना मोकळ्या हाताने त्याने माझ्या औषधचिठ्ठीच्या पाठीवर बैल काढला. वशिंड, मानेखालची पोळी, पुढच्या पायावर आलेला भार, सारे जेथल्या तेथे. वडील संकोचून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दिवसभर हेच करतो, अभ्यासाला बसत नाही. तुम्हीच सांगा त्याला.” आणि मी सांगितले. चित्रे रविवारी काढ बाळ, आधी गणित. वडिलांनी मान डोलावली. मुलाने पेन्सिल खिशात घातली.

त्या दिवशी आळंदकर मास्तरांची गोष्ट मला ठाऊक नव्हती, असेही म्हणता येत नाही. ठाऊक होती, आठवली नाही, इतकेच. चिठ्ठी मी टाकली नाही. ती टेबलाच्या खणात आहे. गेल्या महिन्यात त्या मुलाच्या धाकट्या बहिणीला लस देण्यासाठी वडील आले, तेव्हा मी विचारले, “थोरला काय करतो? चित्रे काढतो का अजून?”

ते हसले. “तुम्ही सांगितल्यापासून सोडलं बघा साहेब.”

मी खण उघडून बैल त्यांच्यापुढे ठेवला, आणि थोरल्याला एकदा घेऊन या म्हणून सांगितले.