नायक आणि सहकारी : देशभक्तिपर चित्रपटातील विस्मरणाचा प्रश्न

स्मृतीच्या दृष्टीने पाहता चंडीगढ हे एक विलक्षण शहर आहे. पंजाबातील क्रांतिकारकांवर जेथे खटले चालले आणि ज्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले, ते लाहोर फाळणीनंतर परदेशात गेले, आणि भारतातील पंजाबला नवी राजधानी उभारावी लागली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ७ ऑक्टोबर १९५३ रोजी तिचे उद्घाटन केले. भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना लाहोरच्या न्यायाधिकरणाने देहान्ताची शिक्षा सुनावली तीही ७ ऑक्टोबरलाच, १९३० साली. या योगायोगाला गूढ अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. परंतु अवघ्या तेवीस वर्षांत इतिहास आणि त्याचे स्थळ यांची कशी ताटातूट झाली, हे त्यावरून ध्यानी येते. ज्या नगरात त्या खटल्याची साक्ष देणारी एकही भिंत नाही, तेथे स्मरण नावांच्या आणि चित्रांच्या आधारे करावे लागते. २०२२ साली चंडीगढच्या विमानतळाला भगतसिंगांचे नाव देण्यात आले. विमानतळाला बहुधा एकाचेच नाव देता येते. चित्रपटाला मात्र अनेकांचे स्मरण ठेवणे शक्य असते. ही शक्यता तो कितपत वापरतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१९६५ साली आलेला एस. राम शर्मा यांचा ‘शहीद’ हा या दृष्टीने महत्त्वाचा चित्रपट होय. हिंदीत ‘शहीद’ हा शब्द एकवचनी तसाच अनेकवचनीही असतो. शीर्षकातील ही संदिग्धता अर्थपूर्ण आहे. फासावर तिघे गेले. चित्रपटाची रचना मात्र भगतसिंगांच्या चरित्राभोवती झाली आहे. मनोजकुमार यांनी ती भूमिका केली, प्रेम चोप्रा सुखदेव झाले आणि राजगुरूंची भूमिका अनंत मराठे या मराठी नटाकडे आली. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू हे १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात सॉन्डर्सवर पहिली गोळी झाडणारे क्रांतिकारक. इतिहासातील त्यांचे स्थान दुय्यम नव्हे. तरीही सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात ते एका जोडनावातील मधला शब्द होऊन राहतात. याचा दोष केवळ दिग्दर्शकाला देणे अन्यायाचे ठरेल. चरित्रपटाला एक केंद्र लागते, आणि केंद्र ठरले की उरलेल्या व्यक्ती परिघावर जातात. येथील विस्मरण हे हेतूचे नसून रचनेचे आहे.

या चित्रपटाच्या कथालेखनाच्या श्रेयात बटुकेश्वर दत्त यांचे नाव आहे, ही गोष्ट तर अधिकच अंतर्मुख करणारी आहे. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंगांच्या बरोबरीने बाँब टाकणारे ते हेच दत्त. त्यांना जन्मठेप झाली, अंदमान भोगावे लागले आणि स्वातंत्र्यानंतर पाटण्यात उपेक्षेचे जिणे वाट्यास आले. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, २० जुलैला, दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यसंस्कार फिरोजपूरजवळ हुसैनीवाला येथे, सहकाऱ्यांच्या समाधिस्थळी करण्यात आले. म्हणजे ज्याने कथा सांगितली तोच विस्मृत होता. हौतात्म्याला नाट्यपूर्ण शेवट असतो. जगून उरलेल्या क्रांतिकारकाच्या आयुष्याला तो नसतो. म्हणूनच मृत्यूवर पडदा पाडणाऱ्या कथेत अशा माणसाला जागा मिळणे कठीण जाते.

राजगुरूंच्या आधीच्या पिढीतील विष्णू गणेश पिंगळे यांचे उदाहरणही येथे आठवते. तळेगाव ढमढेरेचा हा तरुण अमेरिकेत शिकत असता गदर पक्षाकडे ओढला गेला, १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतला आणि रासबिहारी बोस यांच्यासमवेत लष्करी उठावाच्या सिद्धतेत गुंतला. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत बाँबसह त्याला पकडण्यात आले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर कारागृहात सात जणांना फाशी देण्यात आले, त्यांत कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे हे दोघेही होते. पंजाबात सराभांचे नाव घरोघरी आहे. पिंगळ्यांचे नाव मात्र महाराष्ट्रातही थोडक्यांनाच ठाऊक आहे. प्रांताची स्मृती आपल्या माणसाला धरून ठेवते. जो एका प्रांतात जन्मला आणि दुसऱ्या प्रांतासाठी झिजला, तो दोहोंच्या मध्ये हरवतो.

मग अनेकांचे स्मरण ठेवणारी रचना संभवतच नाही काय? मराठीत याचे एक उत्तर १९७९ सालच्या ‘२२ जून १८९७’ या नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या चित्रपटाने दिले आहे. त्याच्या शीर्षकात व्यक्ती नाही, तारीख आहे. पुण्यातील प्लेगच्या काळात रँड या अधिकाऱ्यावर प्राणघातक हल्ला झाला तो हा दिवस. तारीख केंद्रस्थानी आली की दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे चाफेकर बंधू, महादेव रानडे, फितूर झालेले द्रविड बंधू आणि प्लेगने गांजलेले शहर ही सारी त्या घटनेची अंगे ठरतात. कोणा एकाच्या प्रभेने दुसरा झाकोळत नाही. चाफेकर सनातनी वृत्तीचे होते, सुधारकांचा त्यांना तिटकारा होता, ही अवघड बाजूही अशा रचनेत सामावू शकते. कारण घटनेला निर्दोष असण्याची सक्ती नसते. नायकावर मात्र आपण ती नेहमीच लादतो.

विस्मृत वीरांना प्रकाशात आणण्याची प्रतिज्ञा करणारे चित्रपट आजही निघतात आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु विस्मृतीतून एकाला उचलून पूर्वीच्याच सिंहासनावर बसविले, तर केवळ नाव बदलते, दृष्टी बदलत नाही. कट हा मुळात अनेकांचा असतो. परस्परांवरील विश्वास हाच त्याचा प्राण. तो विश्वास ज्या चित्रपटात दृश्यरूप घेतो, त्यात राजगुरू, दत्त आणि पिंगळे यांना वेगळी जागा मागावी लागणार नाही. अशा चित्रपटाची परीक्षा करताना नायक किती भव्य दिसला हे विचारण्यापूर्वी, त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस आपल्याला दिसला काय, हे समीक्षकाने विचारावे.