बॉनेटवर यंत्र टेकवण्याआधी

पावसाळा सरला, दसरा जवळ आला की गाडी चकाचक करण्याचे बेत सुरू होतात. भाईंदर पूर्वेच्या खारी परिसरात या बेतांना कारणही तसंच आहे. जवळ खाडी, मिठागरांचा पट्टा आणि सतत चाललेली बांधकामं. दमट हवेत धूळ पत्र्याला चिकटून बसते. मग पहाटे एकाच बादलीतल्या पाण्याने आणि एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात. त्या फडक्यात अडकलेले वाळूचे कण रोज रंगावर बारीक ओरखडे काढतात. वर्षभराने काळ्या किंवा गडद निळ्या बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसू लागतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग असतातच.

या गोल रेघा पॉलिशच्या यंत्राने जातात, पण त्या जातात म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केसही साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण या पातळ थरावर अवलंबून असतं. यंत्राच्या पॅडवर लावलेलं रबिंग कंपाउंड हा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करतं. घासलेला थर परत येत नाही. म्हणून यंत्र निवडताना ताकदीपेक्षा चूक पोटात घालण्याचा गुण बघावा.

वेल्डिंग-कटिंगच्या ग्राइंडरला बफ लावून गाडी घासणारे सापडतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. तो रंगावर कधीही चालवू नये. गॅरेजमधलं रोटरी पॉलिशर साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांचं असतं. त्याचं पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं, त्यामुळे काम झपाट्याने होतं, पण एका जागी क्षणभर जास्त थांबलं तर रंग तापून जळतो. ते सरावलेल्या हाताचं काम आहे. घरी करायचं असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्यावं. त्याचं पॅड फिरतं आणि झुलतंही, त्यामुळे उष्णता एका ठिकाणी साठत नाही. त्याचा झोका ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा मिळतो. आपल्याकडच्या छोट्या, वळणदार गाड्यांना ८ किंवा १५ मिलिमीटरचा झोका आणि पाच इंची प्लेट सोयीची. मऊ आणि मध्यम असे फोमचे चार-पाच पॅड सोबत घ्यावेत. पॅड मळलं की ओरखडे जाण्याऐवजी नवे पडतात.

पॉलिशच्या आधी गाडी शाम्पूने धुवावी आणि चिकटलेले खरखरीत कण क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, काढावेत. काम पार्किंगच्या सावलीत करावं. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. दारांच्या कडा, बॉडीच्या उठावदार रेघा आणि काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तिथेच तो पहिल्यांदा उडतो. प्लास्टिकच्या बंपरवर जास्त जपावं, तिथे उष्णता लवकर साठते. गाडी सेकंडहँड असेल तर पेंट गेज असणाऱ्याकडून जाडी मोजून घ्यावी. मॅट रंगाला तर यंत्र लावूच नये.

सुरुवात सर्वांत मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने, दीड फुटाच्या चौकोनावर. पॅडवर तीन-चार थेंब पुरतात. यंत्र पत्र्यावर टेकवूनच बटण दाबावं आणि पॅड थांबल्यावरच उचलावं. प्लेटच्या कडेला मार्करने एक खूण करून ठेवावी. खूण फिरताना दिसली तर दाब योग्य, थांबली तर दाब जास्त. हात सावकाश, आडवा-उभा चालवावा. मग मायक्रोफायबरने पुसून मोबाइलच्या टॉर्चखाली बघावं. फरक पडला नाही तरच मध्यम पॅड घ्यावं. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने काढायच्या फंदात पडू नये.

विजेची काळजी यापेक्षाही महत्त्वाची. गाडी धुतल्यावर फरशी कोरडी होऊ द्यावी. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीपासून वर आणि अर्थिंगचा असावा. लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला असावा. वायर खांद्यावरून मागे सोडावी. चष्मा आणि मास्क लावावा. अंगठी, कडं, ओढणी, पट्ट्याचं बक्कल यांपैकी काहीही मध्ये येता कामा नये.

शेवटी वॅक्स किंवा सीलंटचा हात द्यावा. पण खरी राखण रोजच्या पुसण्यात आहे. सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांना आपल्या गाडीसाठी वेगळी बादली आणि स्वच्छ मायक्रोफायबर द्यावेत, कोरडी धूळ पुसू नका असं नीट समजावून सांगावं आणि वाढलेल्या कष्टाचे पैसे वाढवून द्यावेत. त्यांच्या हातात चांगलं कापड असेल तर यंत्र बाहेर काढायची वेळ कित्येक वर्षांतून एकदाच येईल.